धवलारणीचे सहा डोस

"कधीपासून अंगावरून जातंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा आई तपासणीच्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, म्हणून उत्तर मी दिलं. "दोन महिने झाले असतील," मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. खरे महिने चौदा होते. ते आईला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, तिसऱ्या कुणाला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, मी तर भांडं घरीच ठेवून गेले होते.

डॉक्टरबाई काही भोळ्या नव्हत्या. हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "दोन महिन्यांत एवढं होत नाही हो." आईने साडी सारखी केली आणि मला डोळ्यांनीच बाहेर चल म्हणून सांगितलं.

माझी आई धवलारीण होती. पनवेलच्या आसपासच्या आमच्या गावांत भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. हळद कुणी आधी लावायची, तांदूळ कुठे ठेवायचे, कुठल्या देवाला पहिली हाक मारायची हे सगळं ती गाऊन सांगते. ती गाते ते धवले. ते कुठे लिहिलेले नसतात, एका बाईच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जातात. हल्ली हळदीला डीजे एवढा मोठा लावतात, की धवलारणीचं गाणं तिच्या मांडीला मांडी लावून बसलेलीलाही ऐकू येत नाही. पण ती नसली तर मात्र एकही बाई हळदीच्या वाटीला हात लावणार नाही. म्हणजे ऐकायची नाही, पण पाहिजे.

आमच्या गावात अशी रीत की पाळी गेलेली बाईच या पाटावर बसते. विटाळाची बाई मांडवात चालत नाही. आईची पाळी पन्नाशीत गेली आणि त्याच वर्षी तिच्या मावशीने तिला आपल्या जागी बसवलं. दर महिन्याला चार दिवस देवघरापासून लांब राहिलेल्या बाईला एकाएकी मांडवाच्या मधोमध पाट मिळाला. पोरीबाळींच्या सासवा तिला विचारून पाऊल टाकायला लागल्या. माझे बाबा गेले त्यानंतरही तिचा मान तसाच राहिला, कारण तो नवऱ्यामुळे मिळालेला नव्हता. घरात तिचं कुणी फारसं ऐकत नसे. मांडवात सगळे ऐकत.

तेरा वर्षं ती त्या पाटावर बसली, आणि मग माझ्या मुलीच्या हळदीच्या दिवशी, नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये, तिने मला खुणेने बाथरूममध्ये बोलावलं. आतून कडी लावली आणि परकर दाखवला.

"बाय, मना परत झायलं वाटतं," ती म्हणाली.

मी बारावी शिकलेली आहे. वीस वर्षं ब्लाउज शिवून अर्धं घर चालवलं आहे. तेरा वर्षांनी बाईला परत पाळी येत नसते एवढं मला कळत होतं. बाहेर मुलीच्या सासरची माणसं येऊन बसली होती. दुसरी धवलारीण त्या घटकेला कुठून आणणार? आणि खरं सांगायचं तर, मी घाबरले ती आईसाठी नव्हे. विटाळाच्या हाताची हळद माझ्या पोरीला लागली असं उद्या कुणी म्हणालं तर, याला घाबरले. मुलीच्या बॅगेतलं पॅड काढून मी आईला दिलं, साडीच्या निऱ्या परत घालून दिल्या आणि म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. हळद होऊन जाऊ दे."

ती जाऊन पाटावर बसली आणि गायली. छान गायली. माझी मुलगी आज सासरी सुखात आहे, तिला एक मुलगा आहे, आणि तिला यातलं काही ठाऊक नाही.

त्या मोसमात आईने आणखी नऊ लग्नं केली. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाली, थांबलं, उष्णता होती. मग ती सब्जा भिजवून प्यायला लागली. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिने थांबलं म्हटलेलं मला सोयीचं होतं. मध्ये गावच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं, गर्भाशयाचं तोंड तपासून देत होते. आई गेली नाही. धवलारीणच तिथे टेबलावर पाय वर करून पडली तर गाव काय म्हणेल, असं तिचं म्हणणं. ती गेली नाही म्हणून तिच्यामागच्या दहा-बारा बायकाही गेल्या नाहीत. मीही गेले नाही, मला ऑर्डरी होत्या.

पुढे घरात वास यायला लागला. माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणते, आई त्याच्याकडेच राहायची, तो तळोज्याच्या कंपन्यांना पाण्याचे टँकर पुरवतो. त्याने वासासाठी त्याच कंपन्यांना शिव्या घातल्या, रात्रपाळीला केमिकल सोडतात म्हणून. वहिनीने खिडक्या बंद ठेवल्या. वास खिडकीतून येत नव्हता हे आईला कळत होतं. ती दिवसातून तीनदा आंघोळ करायला लागली. शेवटी तिचा डावा पाय सुजला आणि कंबर इतकी दुखायला लागली, की खाली बसल्यावर उठता येईना. तेव्हा मी तिला घेऊन गेले. वरातीमागून घोडं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आणि तो तिथे थांबलेला नव्हता. पोटातल्या गाठींपर्यंत गेला होता, फुप्फुसावर बारीक ठिपके होते. ऑपरेशन नाही. डॉक्टरबाईंनी कागदावर दोन गोल काढून समजावलं, दोन औषधं एकत्र द्यायची, एक पेशीला वाढताना अडवतं, दुसरं तिच्या आतलं मोडतं. मी विचारलं, एकच दिलं तर नाही का चालणार, बाई अशक्त आहे. त्या म्हणाल्या, "दोन मिळून जास्त काम करतात. त्रासही जास्त देतात. एकवीस दिवसांनी एक असे सहा डोस. तारखा पाळा, हे मात्र मी हात जोडून सांगते."

"मग बरी होईल?"

"हे वेळ मिळावा म्हणून आहे," त्या म्हणाल्या. "चांगला वेळ. वर्ष, कदाचित त्याहून जास्त. बरं होण्याचं मी बोलणार नाही."

हे मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो ओटीवर फोन चार्जिंगला लावत होता. म्हणाला, "कोनाला बोलू नको. पोराचं लग्न ठरलंय. पोटात गाठ हाय, एवढंच सांग." मी म्हटलं, आईला सहा डोस द्यायचेत, केस जाणार, लपवणार कसं? त्यावर तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्याच्या तोंडावर चार्जर फेकून मारावासा वाटला. पण झाकलेली मूठ माझीही होती, म्हणून मी घरी आले आणि दोन दिवस मशीनवर राग काढला.

पहिल्या डोसच्या दिवशी सकाळी आठला गेलो. आधी रक्ताचा रिपोर्ट बघितला, मग हातात सुई, मग उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शनं, मग पहिलं औषध तीन तास थेंब थेंब. मग सलाईन. मग दुसरं. पुन्हा सलाईन. लघवी किती होते ते मोजायचं, कारण दुसरं औषध मूत्रपिंडाला जड. आई लघवीचं भांडं माझ्या हातात देताना लाजेने अर्धी व्हायची. दिवसभर ती खुर्चीत बसून बाकीच्या बायकांकडे बघत होती. सगळ्या आपल्याच वयाच्या, कुणी उरणची, कुणी पेणची. त्यातली एक नमाज पढून येऊन परत सुई लावून घ्यायची. आईला ती आवडली. दोघी एकमेकींना आपापल्या उलट्यांचं सांगायच्या आणि हसायच्या. असं मोकळं बोलताना मी आईला गावात कधी पाहिलं नाही.

डोसांपुरती मी तिला माझ्याकडे आणली होती; घरी आल्यावर तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी सगळं झालं. उलट्या, तोंडात फोड, पायांत कळा. पाणी प्यायली तरी म्हणायची, खिळा चोखल्यासारखं लागतं. तिला करंजा बंदरावरचा सुका जवळा पाहिजे होता, तिखट, कांदा घालून. डॉक्टरबाईंनी तिखट आणि बाहेरचं सुकवलेलं बंद केलं होतं. मी दिला नाही. आज वाटतं, द्यायला हवा होता. तिसऱ्या आठवड्यात केस गेले. तिने स्वतःच न्हाणीघरात उरलेले ओढून काढले, कागदात गुंडाळले आणि डोक्याला जुन्या साडीचा तुकडा बांधला.

दर डोसला तिचा ब्लाउज सैल व्हायचा. मी टिपा मारून आत घ्यायचे. पहिल्या डोसनंतर दंड अर्धा इंच, दुसऱ्यानंतर छाती दीड इंच. गिऱ्हाइकांची मापं मी वहीत लिहिते. आईची कधी लिहिली नाहीत, लक्षात राहायची.

आणि एक गोष्ट झाली. दुसऱ्या डोसनंतर तिचं अंगावरून जाणं थांबलं. पूर्ण थांबलं, वासही गेला. डॉक्टरबाई खूश झाल्या, म्हणाल्या, औषध लागू पडतंय, गाठ आक्रसली असणार. मी तर टेबलाशीच रडले. आईला मात्र त्याचा वेगळाच अर्थ दिसला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आता मी मांडवात बसू शकते."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिसरा डोस झाला. चौथ्याची तारीख काढली, ती नेमकी दादाच्या मुलाच्या हळदीचीच निघाली.

मी तोंड फाटेस्तोवर भांडले. आईला म्हटलं, तारीख चुकवायची नाही, बाईंनी हात जोडून सांगितलंय. ती म्हणाली, "माझा नातू एकदाच नवरा व्हनार. मी त्याला हलद लावल्याबिगर कुठं जानार नाय." मी दादाला म्हटलं, तू तरी सांग. तो शांतपणे म्हणाला, "तिची विच्छा हाय, तर बसू दे की." एरवी आईच्या इच्छेसाठी त्याने बोटही उचललं नव्हतं, तो इतका समजूतदार का झाला असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. शेवटी मीच हॉस्पिटलला फोन केला. आईला ताप आहे म्हणाले. पलीकडून सिस्टर ओरडलीच, "ताप? मग आत्ताच्या आत्ता घेऊन या, किमोतला ताप म्हणजे खेळ नाही!" तेव्हा मी घाईघाईने सांगितलं, ताप नाही हो, घरात मयत झालंय. तिने दहा दिवसांनंतरची तारीख दिली.

हळदीच्या दिवशी मी विचुंब्याच्या रस्त्यावरून आईला रिक्षाने गावात आणलं. आमच्या खाचरांवर आता आठ मजली इमारत आहे, तिच्या पार्किंगमध्येच मांडव घातला होता. आईने हिरवी साडी नेसली होती, डोक्याला तिच्याच रंगाचा रुमाल. ब्लाउज मी आदल्या दिवशी तिसऱ्यांदा आत घेतला होता. औषधाने बोटांची टोकं बधिर झालेली, म्हणून वाटेत ती तांदळाचे दाणे चिमटीत धरून सराव करत होती. निम्मे सांडत होते.

पाटावर दुसरी धवलारीण बसलेली होती. शेजारच्या गावची, आईला चांगली ओळखणारी, साठीची. तिने आईला बघितलं आणि मान खाली घातली.

दादा पुढे आला. "आय, तू इथं खुर्चीवर बस, पंख्याखाली. तुना झेपायचा नाय," तो म्हणाला आणि प्लास्टिकची खुर्ची ओढली. त्याने पंधरा दिवस आधीच दुसरीला सांगून ठेवलं होतं. नवरीकडच्यांना कुणीतरी बातमी पोचवली होती. कॅन्सरवालीचा हात हळदीला नको, आणि तिच्या अंगावरून जातं म्हणे. आईला सांगायची त्याची हिंमत झाली नाही, म्हणून त्याने तिला डोस सोडून इथवर येऊ दिलं. मागे बायका कुजबुजत होत्या, तेही मला ऐकू येत होतं. विटाळ आहे बाई, मांडवाला कसा चालेल.

मला फक्त दोन वाक्यं बोलायची होती. हिचं जाणं थांबलंय, आज ही तुमच्याच रीतीने स्वच्छ आहे. आणि माझ्या पोरीची हळद हिने जात असताना लावली, माझ्या पोरीचं काय वाईट झालं? एवढं मोठ्याने बोलले असते तर मांडवातल्या निम्म्या बायकांची तोंडं बंद झाली असती. पहिल्या रांगेत माझ्या मुलीची सासू बसली होती, नातवाला मांडीवर घेऊन. आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्यासाठी थंड पाण्याची बाटली आणायला गेले.

परत आले तेव्हा आई खुर्चीत बसली होती आणि डीजे सुरू झाला होता. ती बाटली हातात धरून पंधरा मिनिटं बसली. मग म्हणाली, "मना घरी ने."

चौथा डोस दहा दिवसांनी व्हायचा होता. हळदीच्या गर्दीतून तिला खोकला लागला, रक्तातल्या पेशी कमी झाल्या, तो आणखी पंधरा दिवस पुढे गेला. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये फुप्फुसातले ठिपके वाढलेले दिसले, यकृतातही एक होता. डॉक्टरबाईंनी दोन्ही औषधं बंद केली. मी विचारलं, उशिरामुळे? त्या म्हणाल्या, तसं ठामपणे म्हणता येणार नाही, तारखेला दिला असता तरी कदाचित हेच झालं असतं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही दोन महिन्यांनीच आणलं असतं, तर आपण वेगळं काही बोलत असतो." त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

शेवटच्या महिन्यातही आई माझ्याकडेच होती. मशीनच्या खोलीतच तिची कॉट टाकली होती. एका दुपारी मी काजं करत बसले होते, तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, "त्या दिशी तू बोलशील असा वाटला मना."

"काय बोलणार होते मी?" मी म्हणाले. मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"खरा हाय ता," ती म्हणाली आणि पाणी मागितलं. मी तिला चमच्याने पाणी दिलं. तिला मिठीत घ्यावं असं फार वाटलं, पण कुठेही हात लावला तरी दुखायचं. नऊ दिवसांनी ती गेली.

दिवस दादाच्या घरी केले. तेराव्याला सगळं गाव जेवायला होतं. बायका आईचे गुण गात होत्या, अशी धवलारीण परत होणे नाही वगैरे. मी मागच्या पडवीत भांड्यांपाशी होते. तिथे ती दुसरी धवलारीण आली, आईच्या जागी बसलेली. मला वाटलं, माफी मागायला आली असेल. मी तिला नीट ऐकवायच्या तयारीत होते.

तिने पडवीचं दार लोटून घेतलं. "बाय, एक इचारू?" ती म्हणाली. "तुझे आयला पयलं पयलं काय झायलं व्हतं?"

माझ्या हातात परात होती, ती मी खाली ठेवली. कधीपासून, मी विचारलं. ती म्हणाली, गौरी-गणपतीपासून. म्हणजे दादाच्या मुलाच्या मांडवातही. मग मी तिला सगळं सांगितलं, बाथरूम, पॅड, चौदा महिने, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा. उद्याच्या उद्या माझ्याबरोबर चल म्हटलं, तुझं लवकर आहे, तुला कदाचित हे दोन-दोन औषधांचं काही लागणारही नाही.

ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "सात लग्ना हायत पुढं. वैशाख होऊन जाव दे, मंग येते."

मी तिचे दंड धरले आणि ओरडले, "मरशील तू! माझी आई अशीच मेली!"

ती घाबरली. माझ्या तोंडावर हात ठेवत म्हणाली, "हलू बोल गो बाय, भायेर मानसा हायत."

आणि मी आवाज खाली आणला.